डावीकडे पाऊण इंच

१२ मार्च, मंगळवार
जेवणाच्या सुट्टीत, कटिंगच्या टेबलावरून

चि. शेंडेफळास अनेक आशीर्वाद.

मोठीने धाकटीला लिहिताना आशीर्वादाने सुरुवात करायची असते, म्हणून तो लिहिला आहे. आतून आला असेल अशा भ्रमात राहू नकोस. आम्ही दोघं ठीक. ह्यांचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि हे त्याच्यावर कुरकुरतात. वर्कशॉपमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई आहे, मी दिवसाला दोनशे शर्ट कापते. तुझ्याकडे तुझा नवरा, तुझा मुलगा खुशाल असतील. बाबांचा फोन आला होता. तुझ्या शिवणवर्गाचं फार कौतुक करत होते. तुझी लंगोटांची पुस्तिका निघणार, प्रसूतिगृहात प्रत्येक नव्या आईच्या हातात पडणार, वीस तारखेला छापायला जाणार, हे सगळं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी दोनदा "छान" म्हटलं.

झाली खुशाली.

काल आमची पॅकिंगवाली माझ्या टेबलाशी आली. लहान पोर आहे, बाळ चार महिन्यांचं, बाळंतपणाला तुझ्याच गावी माहेरी होती, गेल्याच आठवड्यात परत कामावर रुजू झाली. तिने पिशवीतून एक लंगोट काढला आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, जरा बघता का? सहा शिवले, सहाही डावीकडून गळतात. माझंच काहीतरी चुकत असणार."

मी तो उलटून पाहिला. टीप सरळ होती. आत मऊ फ्लॅनेल, मध्ये टॉवेलच्या कापडाची तीन पदरी पट्टी, बाहेर पाणी न झिरपणारं कापड. इलॅस्टिक बेताने ओढून लावलेलं. बाहेरच्या कापडाला टाचणीचं एक भोकसुद्धा पाडलं नव्हतं पोरीने, चिमट्यांनी धरून शिवलं होतं. मग मी तो मधोमध दुमडला. डावी मांडी उजवीवर बसेना. डावीकडची गोलाई पाऊण इंच जास्त होती.

मी म्हटलं, "अगं, कापताना कापड सरकलं तुझं."

"नाही हो, कापायचा कागदी फर्माच तसा आहे. वर्गातल्या बाई म्हणाल्या, डावी बाजू मोठीच ठेवायची." आणि तिने तुझ्या वर्गातला कागद काढून माझ्यापुढे पसरला.

तो कागद आत्ताही समोर आहे. सूचना क्रमांक चार तुझ्याच शब्दांत लिहिते. "डावी बाजू पाऊण इंच मोठी आहे, ही चूक नाही! बाळं डाव्या कुशीवर जास्त झोपतात, म्हणून तिकडे जास्त जागा लागते. माझ्या पहिल्या बाळासाठी मी हा फर्मा स्वतः बेतला. तीन वेळा चुकला, रडू आलं, पण चौथ्यांदा जमला. तुम्हालाही जमेल!"

तीन वेळा चुकला हे खरं आहे. रडू आलं हेही खरं आहे. फक्त तुला नाही.

तुला सुईत दोरा ओवून द्यायला मी लागायचे. शाळेतला शिवणाचा रुमाल माझ्या मांडीवर फेकून तू खेळायला पळायचीस, आणि बाईंनी शाबासकी दिली की तीही एकटीच खायचीस. आज तू चार बायकांना शिवण शिकवतेस ह्याचं मला वाईट वाटत नाही. मेहनतीने शिकली असशील. पण हा फर्मा बेतलेला माझा आहे. त्याची एकेक गोलाई मी डोळे मिटून बोटांनी ओळखेन.

घंटा झाली. बाकीचं घरून लिहीन. तोवर माझा राग उतरेल अशी आशा तू ठेवू नयेस.


संध्याकाळी, घरी

उतरलेला नाही.

बसमध्ये बसून मी त्या वर्गातल्या बायकांचाच विचार करत होते. किती जणी असतील? पन्नास? शंभर? प्रत्येकीचा लंगोट डावीकडून गळत असणार. प्रत्येक जण अंथरुणं धूत स्वतःला दूषणं देत असणार, की आपल्यालाच शिवता येत नाही. पॅकिंगवालीची सासू तिला म्हणाली म्हणे, "हातात कसब नाही तर नसते उद्योग कशाला?" सहा लंगोट एकसारखे एकाच जागी गळतात, तरी ती पोरगी म्हणते माझंच चुकलं. आणि तू तिकडे सूचना क्रमांक चार लिहून मोकळी. बाळं डाव्या कुशीवर झोपतात! कुठल्या बाळाने येऊन सांगितलं तुला?

पंचवीस वर्षं मी माणसांच्या मापाचे कपडे कापते. अंगात नसलेली गोष्ट कपड्यात घातली की ती एकतर लोंबते नाहीतर गळते.

ती पाऊण इंच जागा कुशीची नव्हती. प्लास्टरची होती.

लिहिलं एकदाचं. हा शब्द ह्या घरात बारा वर्षांत कोणी उच्चारलेला नाही. मागच्या वर्षी भिंतीचे पोपडे निघाले तेव्हाही हे गवंड्याला "तो लेप परत मारून द्या" असं सांगत होते आणि गवंडी ह्यांच्या तोंडाकडे बघत होता.

माझ्या बाळाचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता. तीन आठवड्यांचा असताना पहिलं प्लास्टर घातलं, बोटांपासून थेट मांडीपर्यंत. दर आठवड्याला जुनं काढायचं, पाय थोडा सरळ करायचा, नवं घालायचं. नर्सने पहिल्याच दिवशी दम भरला होता, "ओलं होऊ द्यायचं नाही. मऊ पडलं तर केलेलं सगळं वाया." एवढंसं मूल, दिवसातून पंधरा वेळा ओलं करणारं, आणि म्हणे ओलं होऊ द्यायचं नाही. दुकानातलं काहीही त्या मांडीवरून चढत नव्हतं. साधं तिकोनी फडकं बांधलं तर सगळं ओघळून सरळ प्लास्टरच्या तोंडात. पहिला आठवडाभर मी चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून त्या फटीत टिपत बसले होते.

मग बेतायला घेतलं. पहिल्यात दोन्ही बाजू वाढवल्या, तर तो उजवीकडून गळला. दुसऱ्यात नुसती डावी बाजू दीड इंच वाढवली, तर कापडाचा बोळा होऊन त्याला टोचायला लागला. तिसऱ्यात मी शिवणीची जागा सोडायलाच विसरले. शिकाऊ पोरीही जी चूक करत नाहीत ती मी केली, इतकं जागरण झालेलं होतं. तो तिसरा हातात घेऊन मी न्हाणीघरात बादलीवर बसून रडले. हेच ते रडू, जे तू सूचना क्रमांक चारमध्ये छापायला निघाली आहेस.

चौथा बसला. डावीकडे पाऊण इंच, आणि त्या जागेत आतून टॉवेलची एक आडवी पट्टी, ओल प्लास्टरपर्यंत पोचायच्या आत पिऊन घेणारी. ती पट्टी तुझ्या कागदावर नाही. कशाला आहे हे कळलं नसेल, म्हणून गाळलीस. भोक ठेवलंस आणि बूच काढलंस.

पाचही प्लास्टरं शेवटपर्यंत कोरडी राहिली. पाचवं तर तीन आठवडे होतं. ते कापून काढताना डॉक्टरीणबाईंनी लंगोट हातात घेऊन विचारलं, "हे कुठून आणलंत?" मी शिवलंय म्हटल्यावर त्यांनी दोन नर्सना हाक मारून दाखवलं. माझ्या हाताचं एवढं कौतुक त्याआधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

आता ऐक, माझा खरा राग कशाचा आहे ते. फर्मा वापरलास ह्याचा नाही. तुझ्या मुलाने ते लंगोट घातले असतील, घालू देत. ह्याबद्दल मला राग नाही हे लिहिताना माझं मलाच नवल वाटतंय. पण तू त्याला पाहिलं होतंस. दोनदा आली होतीस. पहिल्यांदा आलीस तेव्हा त्याला मांडीवर घेऊन प्लास्टरवर बोटाने वाजवलंस आणि म्हणालीस, "टक टक, कोण आहे घरात?" आणि तो हसला. कळतं हसू ते पहिलंच. ते तुझ्या वाट्याला आलं, मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत संपलंही होतं.

त्या प्लास्टरवर टकटक करणारी तू. आणि डावी बाजू मोठी का, हे तुला आठवलं नाही?

मला एवढंच कळलं पाहिजे. तू विसरलीस, की आठवत असून कुशीची गोष्ट रचलीस? दोन्हीपैकी काय जास्त वाईट हे मला अजून ठरवता येत नाही. विसरली असशील तर त्याला पाहिलेली माणसं जगात मोजकी, त्यातलं एक कमी झालं. आठवत असून लिहिलं असशील तर तू माझ्या मुलाला पुसून तिथे स्वतःचं बाळ बसवलंस.

ह्यांना कागद दाखवला. ह्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितला, डाव्या बाजूवर तळहात ठेवला. म्हणाले, "हाच." मग उठून धुतलेली कपबशी परत धुवायला गेले.

आज एवढंच. हात भरून आलाय.


१३ मार्च, बुधवार

काल पत्र पाकिटात घालून चिकटवलं होतं. आज परत फोडलं. एक गोष्ट मी लिहायची टाळली होती, आणि ती न लिहिता तुला खोटारडी म्हणणं मला शोभत नाही.

प्लास्टर निघालं त्याला आठवडा होतो न होतो तोच त्याच्या छातीत कफ भरला. तीन दिवस. अकरा आठवड्यांचा होता. पुढचं तुला माहीत आहे, तू चौथ्या दिवशी आलीस. तुला तेव्हा तिसरा महिना होता आणि मला कोणी सांगितलं नव्हतं, पण तू पायरी चढताना पोटावर हात ठेवलास आणि मला कळलं. मी तुझ्या अंगावर ओरडले. "सगळं घेऊन जा. कपडे, फडकी, कागद, काय असेल ते. जाळ नाहीतर फेक. मला ह्या घरात त्याची चिंधी दिसता कामा नये. आणि त्याचं नाव माझ्यासमोर परत काढायचं नाही. कोणीच नाही." तू दोन पोती भरलीस. रडत भरलीस. जाताना मला जवळ घ्यायला आलीस तर मी तोंड फिरवलं.

तू माझं ऐकलंस. हे तुझं पहिलंच ऐकणं असेल. बारा वर्षं नाव काढलं नाहीस. बाबांनी काढलं नाही. ह्यांनीही काढलं नाही. आणि मी तुझ्या मुलाच्या बारशाला आले नाही, तो चालायला लागला तेव्हा आले नाही, शाळेत गेला तेव्हा आले नाही. दर वेळी गणवेशांची घाई होती. मला वाटायचं मी स्वतःला जपतेय. प्रत्यक्षात मी सगळ्यांना हुकूम सोडला होता की त्याला विसरा, आणि सगळे आज्ञाधारक निघाले.

सोमवारची आणखी एक गोष्ट. तुझ्या त्या कागदाच्या कोपऱ्यात, डाव्या मांडीच्या खाली, पुसट आकडे उमटले आहेत. ७, १४, २१, २८, ५. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स असेल ती, तरी माझी पेन्सिल दिसते. प्रत्येक नव्या प्लास्टरची तारीख मी फर्म्यावर टिपून ठेवली होती. तुझ्या शंभर बायकांच्या घरी त्या तारखा आहेत आणि एकीलाही त्या कशाच्या हे ठाऊक नाही. पॅकिंगवालीने विचारलं, "हे आकडे कसले हो?"

मी म्हटलं, "काही नाही."

तूही कुणी विचारल्यावर हेच म्हणाली असशील. तुझ्यात आणि माझ्यात मग फरक काय राहिला? हे मला काल रागाच्या भरात सुचलं नाही, आज सकाळी शर्टाचा थर कापताना सुचलं. कटर बंद केला आणि सरळ पॅकिंगच्या टेबलाशी गेले. ती पोरगी खोके चिकटवत होती. मी म्हटलं, "ते आकडे माझ्या मुलाच्या प्लास्टरच्या तारखा आहेत. त्याचा डावा पाय वळलेला होता. हा फर्मा त्याच्यासाठी बेतलेला आहे, म्हणून तुझ्या बाळाला गळतो. तुझं काही चुकलेलं नाही."

आता ही घाबरेल, अरेरे म्हणेल, माझा हात धरेल, ह्या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. ती चिकटपट्टी तोडत म्हणाली, "मग पाय बरा झाला का?"

बारा वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तो गेला, एवढंच सगळ्यांना माहीत. पाय बरा झाला का, हे विचारायला कोणी थांबलंच नाही.

मी म्हटलं, "झाला. अगदी सरळ झाला."

"मग झालं," ती म्हणाली आणि पुढचा खोका ओढला. पुढे काय झालं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगेन. आज मला तेवढ्यावरच थांबायचं होतं.

दुपारी जेवले नाही. पाय सरळ झाल्यावर त्याच्यासाठी दोन्ही बाजू सारख्या असलेला फर्मा बेतायचा, असं मी प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ठरवलं होतं. कापड भिजवून वाळवून ठेवलं होतं. ते काम राहिलं. आज ते केलं. पॅकिंगवालीच्या बाळाची मापं घेतली, तिने फोनवर सासूकडून मागवून दिली, आणि सुट्टीच्या अर्ध्या तासात नवा फर्मा कापला. दोन्ही मांड्या एकमेकींवर बरोबर बसतात. त्याची एक प्रत ह्या पत्रासोबत आहे.

तर आता तू काय करायचं ते सांगते. ही विनंती नाही.

वीस तारखेला छापायला हा नवा फर्मा जाईल. जुना नाही. जुना छापलास तर गावभरची बाळं ओली राहतील आणि त्याला जबाबदार तू असशील. ज्या बायकांना आजवर जुना दिलास त्यांना एकेकीला फोन करून सांग की चूक तुमची नव्हती. सगळ्यांचे नंबर तुझ्याकडे असतीलच, वाढदिवसाला फुलांची चित्रं पाठवतेस ना. सूचना क्रमांक चार काढून टाक. तिथे काहीही लिही, धुण्याचा साबण किती घालायचा ते लिही, पण माझं रडू स्वतःच्या डोळ्याला लावू नकोस.

आणि ज्यावर मी फर्मा बेतला तो मूळ खाकी कागद मला परत हवा आहे. तू जाळला नाहीस हे आता उघडच आहे. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की दोन थोबाडीत द्याव्यात, हे मला खरंच कळत नाहीये. त्याचा फोटो माझ्याकडे नाही. कपडा नाही. जे होतं ते मीच पोत्यात भरायला लावलं. त्याच्या अंगाचं माप जगात त्या एकाच कागदावर आहे, डाव्या पायासकट.

पोस्टाने पाठवू नकोस, घडी पडेल. गुंडाळी करून स्वतः घेऊन ये. मुलालाही आण. अकरा वर्षांचा झाला, मी त्याला अजून रस्त्यात ओळखणार नाही. त्याच्यासमोर मी रडले तर त्याला खरं काय ते सांग, की तुला एक मोठा मावसभाऊ होता. मी तोंड फिरवणार नाही. माफ करेन असंही समजू नकोस, ते तू आलीस की बघू. आधी तू मला तोंडावर सांगायचंस, विसरली होतीस की खोटं लिहिलंस. जे असेल ते.

पत्राखाली नेहमीसारखं "तुझी ताई" लिहायला पेन टेकवला होता. ह्या वेळी ते नको.

ज्याच्या पायाचं माप तू वाटत फिरतेस,
त्याची आई